लिटरला अकरा

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज टाकी फुल केली, पंपाच्या कडेला गाडी लावली आणि भागाकार केला. लिटरला अकरा पूर्णांक दोन. पुन्हा केला. अकरा पूर्णांक दोन. तिसऱ्यांदा मोबाइलवर केला, कारण दहावीला गणितात मला बेचाळीस होते. मोबाइललाही तेवढंच आलं.

गाडी दोन हजार नऊची, पेट्रोलची. गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत सोळा द्यायची. जूनमध्ये क्लच प्लेट बदलली, दोन महिने बरी चालली आणि पुन्हा घसरणीला लागली. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. दुसऱ्याच्या मालात खोट काढायची, याच कामावर आमचं घर उभं राहिलं. त्या माणसाला स्वतःच्या गाडीतली खोट सापडू नये ही नामुष्की आहे. म्हणून ही वही.

गाडीला काम तसं एकच. चिखलोलीच्या आमच्या बिल्डिंगपासून खरवईला सुनंदाच्या शाळेपर्यंत. सकाळी तिला सोडायचं, दुपारी आणायचं. रिटायर झाल्यावर हे काम घेतलं, तेव्हापासून दोन वर्षांत एकही दिवस चुकवलेला नाही. त्याआधी बिचारी शेअर रिक्षात कोंबून जायची. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला दिलेली ही सगळ्यात मोठी सोय आहे. असं ती म्हणत नाही, मीच म्हणतो.

संध्याकाळी आकडा तिला सांगितला. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग टाका गॅरेजला. मी जाईन की रिक्षाने थोडे दिवस." मग थोडं थांबून, "कितीही दिवस लागू देत."

समजूतदार बाई आहे. मी म्हटलं, तुला त्रास होईल असं काही मी करणार नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे हिंदुराव भोईटे भेटले. बँकेत कॅशियर होते. आयुष्यात त्यांनी गाडी घेतली नाही, त्यामुळे गाड्यांबद्दलची त्यांची मतं अगदी स्वच्छ आहेत. त्यांचं म्हणणं, पेट्रोल पहाटे भरावं, थंड असताना ते दाट असतं. शिवाय पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधावं.

मी विज्ञान शाखेचा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आज सकाळी सव्वासहाला पेट्रोल भरून आलो. चुंबक फ्रिजवरचं काढलं. सुनंदाने विचारलं, फ्रिजवरची गॅसच्या नंबराची चिठ्ठी खाली कशी पडली. मी म्हटलं, वाऱ्याने.

टायरमधली हवा तपासली. चारही बरोबर. पाचवाही बरोबर, जो डिकीत झोपून असतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बुवापाड्याच्या विहारात वंदनेला गेलो. लहानपण त्याच गल्लीत गेलं, त्यामुळे तिथे अजून मला कोणी राजेंद्र म्हणत नाही. वंदना झाली, चपला घातल्या, गाडीपर्यंत आलो, दार उघडलं आणि मागून वेणूबाईंची हाक आली. आईच्या मैत्रिणींपैकी आता त्या एकट्याच उरल्यात.

"राजा, तुझी एक चप्पल हितंच राह्यली की रे."

पाहिलं तर डाव्या पायात चप्पल नाही. विहाराच्या दारापासून दहा पावलांवर ती निसटून पडली होती आणि पुढची तीस-चाळीस पावलं मी साहेब एका चपलेवर चालत आलो होतो. वेणूबाई चप्पल हातात घेऊन आल्या. ऐंशीच्या बाईने माझी चप्पल आणून द्यावी, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फरशी तापलीय नव्हं? भाजलं नाही का तुला?"

मी म्हटलं, विचारात होतो. आणि खरंच होतो. वंदना चालू असताना माझ्या डोक्यात एअर फिल्टर होता. त्याची क्षमा मनातल्या मनात मागितली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

संशय पंपावर गेला. पंपवाल्याकडे पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्याला मोजून दाखवावं लागतं. हे बहुतेकांना माहीत नसतं. मला माहीत आहे, आणि मागण्याची हिंमतही आहे. मागे बारा रिक्षा उभ्या होत्या. त्यांनी हॉर्नच्या भाषेत मला पाठिंबा दिला.

माप आणलं. पाच लिटर सोडलं. पेट्रोल रेषेवर येऊन थांबलं, ना थेंब वर ना थेंब खाली. इतका चोख माल मी कंपनीतही पाहिला नव्हता. पंपावरचा मुलगा म्हणाला, "झालं समाधान, काका?"

झालं नाही. आता एक निर्दोष माणूस यादीतून कमी झाला, एवढंच.

३० नोव्हेंबर, शनिवार

एअर फिल्टर स्वतः उघडला. पार्किंगमध्ये पाट टाकून बसलो, पायात जुने कॅनव्हासचे बूट, ढगळ झालेले, लेस न सोडता चढवायचे. फिल्टर काढला, झटकला, पुसला. झाकण लावायला गेलो तर चारपैकी तीनच स्क्रू. चौथा बोटभर लांबीचाही नाही, पण टोकदार. गाडीखाली शोधला, झाडू मारला, हिंदुरावांना टॉर्च धरून उभं केलं. ते म्हणाले, चुंबक कुठे आहे? चुंबक पाइपला बांधलेलं होतं, हे त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं. त्यांचा चेहरा फार समाधानी झाला.

स्क्रू सापडला नाही. तीनवर भागवलं.

२ डिसेंबर, सोमवार

अकरावरून दहा पूर्णांक सहा. मी दुरुस्ती करतोय आणि आकडा उतरतोय.

सकाळी शाळेच्या वाटेवर सुनंदा नाकाला रुमाल लावून बसली. म्हणाली, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, आपण कुठे राहतो ते बघ. या पट्ट्यात काहीतरी जळत नाही असा दिवस दाखव. ती म्हणाली, "रस्त्यावर नाही हो, गाडीत." काच खाली करायला सांगितली. इंजिन ओरडत होतं आणि मागून येणारी रिक्षा आम्हाला ओव्हरटेक करून गेली. रिक्षात मागे तीन बायका होत्या. त्यातल्या एकीने सुनंदाला हात केला, सुनंदानेही केला आणि ती रिक्षा वळेपर्यंत बघत राहिली.

दुपारी हॉलच्या फरशीवर तिला लालसर डाग दिसले. दारापासून सोफ्यापर्यंत, चार-पाच. तिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, सोसायटीने कुंड्यांना गेरू लावलाय, त्याचं असेल. तिने पुसून टाकले. पुसताना म्हणाली, "रक्त कधी तपासलं होतं तुम्ही शेवटचं?"

मला सात वर्षांपासून साखर आहे. गोळी घेतो, आठवण झाली की. शेवटची तपासणी रिटायर होताना कंपनीने केली होती. मी म्हटलं, या गाडीचं एकदा मार्गी लागू दे, मग जातो. एका वेळी एकच तपासणी.

४ डिसेंबर, बुधवार

हे आज लिहिणं अवघड जाणार आहे. बदलापूरच्या हॉस्पिटलमध्ये खाटेवर बसून लिहितोय. जसं झालं तसं उतरवतो.

सकाळी सुनंदाला सोडून उल्हासनगरला गेलो. कॅम्प चारमध्ये नानिकचं गॅरेज आहे. नानिक माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. सिंधी माणूस, बोलणं कमी, पायात कायम हॉस्पिटलमध्ये असतात तसले मऊ बेढब सँडल. त्यानेच जूनमध्ये क्लच प्लेट बदलली होती. मी वही पुढे केली. त्याने ती वाचली नाही, माझ्याकडे परत दिली आणि म्हणाला, "चलाओ. मैं बाजू में बैठता हूँ."

गॅरेजमागच्या चढावर गाडी नेली. इंजिन ओरडायला लागलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "साईं, क्लच से पैर हटाओ."

"ठेवलेलाच नाही."

तो समोर बघत राहिला. मला राग आला. अडतीस वर्षं गाडी चालवतोय, क्लचवर पाय ठेवून बसायला मी काय लर्निंग लायसनवाला आहे? चढ संपल्यावर त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. बंद करायला लावली. हँडब्रेक.

"अब पैर मॅट पे रखो. आराम से. रखा?"

"रखा."

"देखो."

मी खाली पाहिलं. डावा पाय क्लचवर होता. टेकवलेला नव्हता, चांगला भार टाकून ठेवलेला होता, घरच्या पायपुसण्यावर ठेवावा तसा. मला शपथेवर वाटत होतं की तो मॅटवर आहे. मी पाय उचलला, तो हलला, म्हणजे माझाच होता.

नानिक म्हणाला, "आँख बंद करो. मैं पैर को हाथ लगाता हूँ, कहाँ लगाया बोलो."

मी डोळे मिटले. त्याची खाली वाकण्याची हालचाल कळली. वाट पाहिली. मग म्हटलं, "लावा की."

"लगाके बैठा हूँ," तो म्हणाला.

मग त्याने बूट काढायला सांगितलं. मी म्हटलं, कशाला? त्याने स्वतःच काढला. बूट उलटा केला तेव्हा आतून स्क्रू पडला. एअर फिल्टरचा, चौथा. मोजा तळव्याला चिकटला होता, काळपट लाल झाला होता आणि त्याला वास येत होता. पाच दिवस मी त्या स्क्रूवर चाललो होतो. त्याच्यावर उभा राहून मी तो पार्किंगमध्ये शोधला असणार.

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. नानिकने आपला उजवा सँडल काढून पाय माझ्यासमोर धरला. तीन बोटं होती. म्हणाला, "मेरे पैर में कील थी. आठ दिन. घरवाली रोज देखती थी मेरा पैर, वो चली गयी, फिर कौन देखता." आणि मग, "मैंने आपकी गाडी जून में खोली, साईं. खोलना आपको था."

गॅरेजला कुलूप लावून, माझीच गाडी चालवत, तो मला त्याच्या पायाच्या डॉक्टरांकडे इथे बदलापूरला घेऊन आला. वाटेत गाडी अजिबात ओरडली नाही. जळका वासही आला नाही. मी शेजारी बसून ते ऐकत होतो.

साखर तीनशे ऐंशी निघाली. सुनंदाला शाळेतून आणायला आज मी गेलो नाही. तिला फोन नानिकनेच केला.

६ डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षी आजच्या दिवशी आम्ही दोघं चैत्यभूमीला जातो. कोरोनाचं वर्ष सोडलं तर लग्नानंतर पहिल्यांदाच चुकलं. सुनंदा सकाळी पांढरी साडी नेसून आली. वॉर्डात मेणबत्ती लावू देत नाहीत, म्हणून तिने न लावलेली मेणबत्ती बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवली आणि आम्ही हळू आवाजात वंदना म्हटली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवला.

डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे. हाडापर्यंत गेली असेल तर अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागेल, कदाचित जास्त. एमआरआय केलाय, रिपोर्ट यायचा आहे.

मला भीती वाटते. सुनंदासमोर मी विनोद करतोय की तीन स्क्रूंवर भागवलं, आता चार बोटांवर भागवू. ती हसली नाही. चादरीवरून तिने माझा डावा पाय धरून ठेवला होता. ते मला दिसत होतं, म्हणून कळलं.

१० डिसेंबर, मंगळवार

जखम हाडापर्यंत गेलेली नाही. बोट वाचलं. डॉक्टर जखम साफ करतात तेव्हा मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. दुखत नाही. दुखत नाही हेच दुखणं आहे, असं डॉक्टरांनी समजावलं.

आज त्यांनी नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला दहा ठिकाणी टोचून पाहिला. कळलं की हो म्हणायचं. उजव्या पायाला सात वेळा हो म्हटलं, डाव्याला दोनदा. त्यातलं एक त्यांनी टोचायच्या आधीच म्हटलं होतं. जुनी सवय, पास व्हायचंच. त्यांनी विचारलं, हे किती दिवसांपासून? मी म्हटलं, माहीत नाही. गाडीचं किती दिवसांपासून ते मला तारखेनिशी माहीत होतं.

कंपनीत शंभरात दोन डबे खराब निघाले तर अख्खी बॅच मी परत पाठवायचो. कामगार शिव्या द्यायचे. बरोबर होते ते.

क्लचची गाडी यापुढे चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरल्यावरही नाही. ज्या पायाला पेडल कळत नाही त्या पायाच्या भरवशावर कोणाला शेजारी बसवायचं नाही.

मी विचारलं, "मग मिसेसला शाळेत कोण सोडणार?"

डॉक्टरांनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती.

३० डिसेंबर, सोमवार

दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला बदलापूरला जावं लागतं. आज सोबतीला हिंदुरावांना वेळ नव्हता म्हणून सकाळी सुनंदाबरोबर तिच्या शाळेच्या वेळच्या शेअर रिक्षाने निघालो. मी फार गंभीर होतो. डाव्या पायात फोमचा मोठा बूट, हातात काठी, आणि मनात हे की माझ्यामुळे या बाईला पुन्हा इथे कोंबून घ्यावं लागतंय.

रिक्षात तिच्या शाळेतली तरुण शिक्षिका कीर्ती आधीच बसलेली होती, आणि इंदुबाई, ज्या शाळेत खिचडी शिजवतात. इंदुबाई सरकल्या, मला कोपऱ्यात पाय पसरायला जागा केली. मागे आम्ही चौघं. रिक्षावाला काही म्हणाला नाही, बहुतेक माझ्या बुटामुळे.

थोडं पुढे गेल्यावर कीर्ती म्हणाली, "मॅडम, आज हेडसर नाहीत का?"

सुनंदा म्हणाली, "आज नको गं."

"काढा की बाय, काय होतंय," इंदुबाई म्हणाल्या.

आणि माझ्या बायकोने आवाज काढला. त्यांच्या मुख्याध्यापकांचा, नाकातून येणारा, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा. ते प्रार्थनेच्या वेळी मुलांना पाण्याच्या टाकीबद्दल काय बोलले ते. मी त्या गृहस्थांना दोनदा भेटलोय. डोळे मिटले असते तर ते तिसऱ्यांदा भेटले असते. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. चौतीस वर्षांत मला माहीत नव्हतं की हिला हे येतं.

इंदुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता त्यो साहेबांचा काढा. लिटरला अकरा."

 कीर्तीने त्यांना कोपराने ढोसलं. इंदुबाईंना तोवर माहीत नव्हतं की साहेब म्हणजे मी.

मी म्हटलं, "काढ."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, पर्समधली डायरी उघडली आणि म्हणाली, "अकरा पूर्णांक दोन. सुनंदा, तुला कळतंय का, पूर्णांक दोन."

मी असा बोलतो. आधी मी हसलो, मग इंदुबाई हसल्या.

संध्याकाळी मी तिला विचारलं. दोन वर्षं मी तुला गाडीने सोडत होतो, तेव्हा तुला या बायकांची आठवण यायची?

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "यायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रिटायर झालात तेव्हाचं आठवतं का? पहिल्या दीड महिन्यात तुम्ही स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. मिठाच्या डब्यावर मीठ. मग भाकरीची जाडी मोजली. मग दुपारी मी आले की दारात उभे असायचात, उशीर का झाला म्हणून. मला वाटलं, याला बाहेर काढलं नाही तर एकाचं डोकं जाणार. म्हणून मीच म्हटलं, मला सोडाल का शाळेत." तिने एक शेंग मोडली. "मला वाटलं होतं महिनाभर. तुम्हाला फारच आवडलं."

मी एक शेंग उचलली आणि मोडली. ती म्हणाली, "पावसात बरं पडायचं पण." ते मी दयेच्या खात्यात धरलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

गाडी कीर्तीने घेतली. ती अंबरनाथला नव्या इमारतीत राहते, चालवायला शिकली आहे, घ्यायची म्हणून कधीपासून बघत होती. नानिकने नवीन क्लच प्लेट बसवून स्वतः आठ दिवस चालवून पाहिली. लिटरला सोळा पूर्णांक चार. त्याने मला फोनवर हा आकडा सांगताना आवाज अगदी सपाट ठेवला. मोठ्या मनाचा माणूस आहे.

चावी देताना मी कीर्तीला गाडीचे सगळे स्वभाव सांगितले. थंडीत पहिल्या चावीला चालू होत नाही. मागचं डावं दार आतून उघडत नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी मी म्हटलं, मायलेज मात्र लिहून ठेवत जा. ती म्हणाली, "काका, मी बघतच नाही. संपलं की भरते."

असेही लोक असतात आणि ते सुखी असतात.

खाली जाऊन मी गाडीला हात लावून आलो. वर आल्यावर सुनंदाने चहा दिला. साखरेशिवायचा. 

९ फेब्रुवारी, रविवार

जखम बंद झाली. दोन महिने आणि पाच दिवस. डॉक्टरांनी नियम दिले आहेत. अनवाणी चालायचं नाही, बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं, आणि रोज तळवे तपासायचे. खाली आरसा ठेवून.

मी प्रयत्न केला. वाढलेलं पोट, कडक गुडघे आणि बारीक अक्षरांचा चष्मा या तीन गोष्टी असताना माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. आरशात मला मुख्यतः छत दिसलं. रोज सुनंदा बघते, पण ती शाळेच्या घाईत असते आणि तिची नजर शिक्षिकेची आहे. एकूण बरं असेल तर ती पास करते.

आज नानिकला पेढे घेऊन गेलो आणि दारातच लक्षात आलं की पेढे कोणीच खाणार नाही. ते शेजारच्या शिलाई मशीनवाल्याला दिले. नानिकला मी विचारलं, तू तुझे तळवे कसे बघतोस? त्याने गॅरेजच्या भिंतीला टेकवलेला ट्रकचा आरसा दाखवला. त्याला मधोमध तडा होता आणि त्यावर ग्रीस होतं.

मी म्हटलं, "ह्यात तुझा पाय दिसतो?"

"आधा दिखता है."

मी त्याला स्टुलावर बसवलं, पाय दुसऱ्या स्टुलावर घ्यायला लावला, टॉर्च घेतला आणि पाहिला. टाच, कडा, बोटांच्या मधल्या खाचा. ज्या जागी दोन बोटं नाहीत ती जागा. मग दुसरा. एकतीस वर्षं मी डब्यांचे तळ असेच पाहिले. दोन्ही बरे होते. मग आम्ही जागा बदलल्या आणि त्याने माझे पाहिले. माझा पाय हातात घेताना त्याने आधी हात कापडाला पुसले.

ठरलं की दर रविवारी सकाळी दहाला.

१६ मार्च, रविवार

ठरल्यापासूनचा पाचवा रविवार. गॅरेजला आज गिऱ्हाईक नव्हतं. नानिकने माझे आधी पाहिले, म्हणाला ठीक आहे, टाच थोडी सुकलीय, तेल लावा. मग तो बसला.

उजवा बरा. डाव्या पायाच्या करंगळीखाली, कडेला, मला एक डाग दिसला. वाटाण्याच्या डाळीएवढा, लालसर. मी बोटाने दाबला. पांढरा झाला नाही. मधे पिवळट टिपका होता. नव्या सँडलचा पट्टा बरोबर तिथे येत होता.

"कब से है ये?"

"क्या?"

मी त्याला मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्याने पाहिला, सँडल ओढायला लागला. म्हणाला, "कुछ नहीं है साईं, घिस गया होगा. कल देखते हैं. आज एक गाडी देनी है."

मी सँडल बाजूला सरकवला. म्हटलं, ते नाही घालायचं. आज जायचं. तो म्हणाला, रविवार आहे, डॉक्टर नसतील. मी म्हटलं, असतात, बारापर्यंत, मी दोन महिने तिथेच होतो. तो म्हणाला, गाडीवाला येणार आहे. मी म्हटलं, त्याला फोन कर. तो माझ्याकडे बघत राहिला, तसं कामगार बघायचे. मीही बघत राहिलो. या कामात मी त्याच्यापेक्षा जुना आहे.

त्याने शटर ओढलं. कुलूप मी लावलं, कारण त्याला एका पायावर उभं राहावं लागत होतं. रस्त्यापर्यंत तो माझ्या खांद्याला धरून आला. आम्ही दोघं मिळून, पायांचा हिशेब धरला तर, दीड माणूस असू. रिक्षावाल्याने बदलापूर म्हटल्यावर दोघांच्या पायांकडे पाहिलं आणि स्वतः उतरून त्याला चढवलं.

डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, पाच-सहा दिवसांत बसेल. आणखी आठवडा गेला असता तर वेगळं बोललो असतो. ते पट्टी करत असताना नानिक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मी त्याला म्हटलं, मार्चचं पान कोणीतरी उलटलंय, माझ्या वेळी डिसेंबर होतं. तो हसला.

घरी यायला अडीच वाजले. सुनंदा जेवायची थांबली होती. उशीर का झाला, तिने विचारलं नाही. पानावर बसल्यावर मीच सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या रविवारी मी पण येते तुमच्याबरोबर. तिथला फर्निचर बाजार बघून किती वर्षं झाली. आणि मी एकदा बघते, तुम्ही लोकांचे पाय कसे तपासता."

मी म्हटलं, ये. पण दहाला म्हणजे दहाला.

मग म्हटलं, सव्वादहा चालतील.